मे महिन्यात मिथेन कमी का दिसला

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात दुधाचा धंदा करणारे एक शेतकरी आहेत. त्यांच्या कोठ्यामागे तरंगत्या टाकीचा गोबरगॅस आहे. विहिरीसारख्या बांधलेल्या खड्ड्यात शेणकाला, त्यावर पालथी लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर येते, चूल पेटवली की खाली बसते. घरचा स्वयंपाक आणि गुरांचं आंबोण शिजवणं दोन्ही त्याच्यावर चालतं. मी तालुक्याच्या महाविद्यालयात भौतिक रसायनशास्त्र शिकवतो. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांनी, एक मुलगा आणि एक मुलगी, या गॅसमध्ये मिथेन किती टक्के आहे आणि ऋतूप्रमाणे तो बदलतो का, हे लेझरने मोजायचा प्रकल्प घेतला होता. या प्रकल्पात जे घडलं ते सविस्तर लिहून ठेवण्यासारखं आहे. वर्णपटशास्त्राच्या अभ्यासक्रमात पार्टिशन फंक्शन, म्हणजे एखाद्या तापमानाला रेणू किती ऊर्जा-पातळ्यांवर पसरतात त्याचं माप, एका तासात उरकलं जातं आणि परीक्षेत पाच गुणांच्या टिपेपुरतं उरतं. इथे त्याच पार्टिशन फंक्शनने दहा टक्के मिथेन गायब करून दाखवला.

मांडणी साधी होती. १६५३.७ नॅनोमीटरचा डायोड लेझर, अडीच सेंटीमीटर लांबीची, दोन्ही टोकांना खिडक्या असलेली गॅसची नळी, पलीकडे आरपार आलेला प्रकाश मोजणारा शोधक. ही तरंगलांबी मिथेन मोजणारे बरेच जण वापरतात, कारण इथे मिथेनची शोषणरेषा, म्हणजे तो प्रकाश शोषतो ती नेमकी जागा, ठळक आहे आणि पाण्याची वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड तिच्यात फारशी लुडबूड करत नाहीत. तरंगांकात (एका सेंटीमीटरमध्ये किती लाटा बसतात; रेणूंच्या ऊर्जाही याच एककात सांगतात) बोलायचं तर ही रेषा ६०४७ प्रति सेंटीमीटरच्या आसपास येते. कार्बन-हायड्रोजन (सी-एच) बंधाच्या ताणकंपनाच्या पहिल्या ओव्हरटोनमधली, म्हणजे कंपन एकदम दोन पायऱ्या चढतं तेव्हाची, आर-३ नावाची रेषा. रेणूच्या फिरण्याच्या ऊर्जेच्या पायऱ्यांना जे = ०, १, २, ३ असे क्रमांक असतात; आर-३ म्हणजे प्रकाश शोषण्याआधी रेणू परिभ्रमणाच्या जे = ३ या पातळीवर असायला हवा. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं.

पाइपमधून येणारा गॅस आधी सिलिका जेलमधून जाऊन कोरडा व्हायचा, मग नळीतून वातावरणाच्या दाबावर वाहत बाहेर पडायचा. लेझरची तरंगलांबी रेषेवरून पुढेमागे फिरवायची, शोषणाची आकृती काढायची आणि तिच्याखालचं क्षेत्रफळ मोजायचं. रेषेची उंची न मोजता क्षेत्रफळ मोजायचं हा निर्णय पहिल्याच आठवड्यात झाला होता आणि तो योग्य होता. दाब आणि तापमान बदललं की रेषा रुंद किंवा अरुंद होते, उंची हलते. क्षेत्रफळावर त्या रुंदीचा परिणाम होत नाही. क्षेत्रफळ ठरतं दोनच गोष्टींवर: वाटेत रेणू किती आले आणि त्या रेषेची तीव्रता किती. सगळं सामान टिनाच्या शेडमध्ये होतं, कारण कोठ्याजवळ दुसरी जागाच नव्हती.

जानेवारीत, पहाटे शेडमध्ये १० अंश सेल्सिअस असताना, प्रमाणित मिश्रणाच्या सिलिंडरवर उपकरण जुळवून घेतलं. त्यानंतर गोबरगॅसमध्ये मिथेन ५८ टक्क्यांच्या आसपास निघाला. गोबरगॅसमध्ये ५५ ते ६० टक्के मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, तेव्हा आकडा अगदी अपेक्षित होता. फेब्रुवारीत तो जरा खाली आला. मार्च-एप्रिलमध्ये आणखी. मे महिन्यात, नवतपा सुरू होण्याच्या सुमारास, दुपारी शेडमध्ये ४६ अंश असताना पडद्यावर ४८ टक्के दिसत होते.

मालक रोज संध्याकाळी शेडमध्ये डोकावत. त्यांनी सरळ विचारलं, "सर, गॅस त हिवाळ्यापेक्षा जास्त येऊन राह्यला. चूल निळीशार पेटते. मंग तुमची मशीन कमी काहून दाखवून राह्यली?"

प्रश्न बिनतोड होता, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. उन्हाळ्यात गॅस जास्त येतो हे खरंच, कारण शेणकाल्यातले जिवाणू थंडीत मंदावतात आणि उबेत जोमाने काम करतात. पण गॅस जास्त येणं आणि त्यात मिथेनचं प्रमाण जास्त असणं या एकच गोष्टी नव्हेत. तरीही निळी ज्योत हा पुरावा झटकून टाकण्यासारखा नव्हता. मिथेन दहा टक्क्यांनी घसरून त्याची जागा कार्बन डायऑक्साइडने घेतली असती तर रोज चुलीपुढे बसणाऱ्या घरच्या बाईंना ते आमच्याआधी कळलं असतं.

म्हणून आधी लेझर बाजूला ठेवून जुनी रासायनिक चाचणी घेतली. पन्नास मिलिलिटरच्या काचेच्या सिरिंजमध्ये पाइपमधून वाळवलेला गॅस भरायचा, त्यातच कॉस्टिक पोटॅशचं तीव्र द्रावण थोडं ओढून घ्यायचं, तोंड बंद करून हलवत राहायचं. कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो आणि दट्ट्या आपोआप आत सरकू लागतो. तो हळूहळू सरकत एकोणतीसच्या खुणेजवळ थांबतो, कितीही हलवलं तरी पुढे जात नाही. पन्नासातले एकोणतीस म्हणजे ५८ टक्के. ही पद्धत दोन-तीन टक्के इकडेतिकडे होते, पण दहा टक्क्यांची चूक करत नाही. गॅस बदललेला नव्हता. लेझरचं उपकरण चुकीचं सांगत होतं, आणि तेही एका दिशेने, उष्णतेबरोबर वाढत जाणारं चुकीचं.

मग संशयितांची रांग लागली. दाब? बॅरोमीटरची नोंद रोजची होती. जानेवारी आणि मे यांतला दाबाचा फरक एक-दीड टक्क्याचा, आणि तो हिशेबात धरलेला होता. वाफ? गॅस कोरडा करूनच आत जात होता आणि जेलचा रंग बदलला की ते बदललं जात होतं. लेझरच तापून सरकला? त्याच्या बुडाशी स्वतःचा विद्युत-शीतक आहे. शिवाय सरकला असता तर रेषा पडद्यावर डावी-उजवीकडे गेली असती, तिचं क्षेत्रफळ आटलं नसतं. गळती? हा संशय सगळ्यांना सर्वांत पटत होता. उन्हाने रबराची नळी सैल होते, जोडांवरून हवा आत येते, मिथेन पातळ होतो. विद्यार्थ्यांनी सगळे जोड साबणाच्या फेसाने तपासले, नळ्या बदलल्या. काही फरक पडला नाही.

उत्तर मिळालं ते एका सीलबंद नळीतून. कामाच्या सुरुवातीलाच आम्ही मिथेन आणि नायट्रोजन यांचं मिश्रण भरून, काच वितळवून बंद केलेली एक नळी संदर्भासाठी ठेवली होती. तिच्यात जेवढे रेणू आहेत तेवढेच राहणार. तापवा, गार करा, दाब बदलेल पण रेणूंची संख्या बदलणार नाही. मुलगी एका दिवशी पहाटेपासून त्या नळीसमोर बसली. पहाटे शेडमध्ये २९ अंश होते तेव्हाचं क्षेत्रफळ, मग सकाळचं, दुपारी ४६ अंशांचं, संध्याकाळचं, पुन्हा दुसऱ्या पहाटेचं. दुपारपर्यंत क्षेत्रफळ सहा-सात टक्क्यांनी घटलं आणि दुसऱ्या पहाटे जिथल्या तिथे परत आलं. गळतीचा मुद्दा तिथेच संपला. नळीतून निसटलेला गॅस पहाटे परत येत नसतो. रेणू तेवढेच, दाब-वाफ यांचा प्रश्न नाही, आणि तरी शोषण कमी. म्हणजे प्रत्येक रेणूमागे मिळणारी रेषेची सरासरी तीव्रताच तापमानाबरोबर घटत होती.

तापमानाची दुरुस्ती हिशेब करणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीत नव्हतीच असं नाही. ती होती, म्हणून तर गोंधळ लांबला. मी ती उघडून पाहिली तेव्हा दोन गुणक दिसले. एक घनतेचा: स्थिर दाबाला गॅस तापला की विरळ होतो, १० वरून ४६ अंशांवर जाताना दर घनसेंटीमीटरमधले रेणू सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतात. तो बरोबर होता. दुसरा बोल्ट्झमनचा, पातळी जितकी उंच तितके तिथे रेणू कमी हे सांगणारा: जे = ३ या पातळीची ऊर्जा भागिले तापमान, उणे चिन्ह, घातांकात. तोही आपल्या जागी बरोबर होता. फक्त तिसरा गुणक तिथे नव्हता. पार्टिशन फंक्शन, ज्याला आम्ही फळ्यावर क्यू लिहितो, त्याचा पत्ताच नव्हता.

मुलाला विचारलं, हे सूत्र कुठून घेतलं? त्याने वहीतलं पान दाखवलं. जे पातळीवरचे रेणू भागिले शून्य पातळीवरचे रेणू, बरोबर अपकर्षांक (एकाच ऊर्जेच्या अवस्था किती ते) गुणिले घातांकी पद (तोच बोल्ट्झमनचा गुणक). प्रत्येक पाठ्यपुस्तकात ते असंच असतं, मीही वर्गात तसंच लिहितो आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. पण ते गुणोत्तर आहे. शून्य पातळीच्या तुलनेत जे = ३ वर किती, एवढंच ते सांगतं. शून्य पातळीवर मुळात किती रेणू उरले आहेत, हे त्यात नाही. आणि तापमान वाढलं की शून्य पातळीवरचे रेणूही कमी होत जातात, कारण वरच्या कितीतरी पातळ्या आता त्यांच्या आवाक्यात आलेल्या असतात. शून्य पातळीवर एकूण रेणूंचा केवढा हिस्सा आहे ते एक भागिले क्यू या प्रमाणात ठरतं. क्यू म्हणजे सगळ्या पातळ्यांची, प्रत्येकीच्या अपकर्षांकाने आणि घातांकी पदाने वजन देऊन केलेली बेरीज. त्या तापमानाला रेणूंना पसरायला किती जागा खुली आहे त्याचं माप.

आठवडी बाजाराचं चित्र इथे उपयोगी पडतं. गिऱ्हाईक तेवढंच आणि दुकानं वाढली, तर प्रत्येक जुन्या दुकानापुढची गर्दी विरळ होते. जे = ३ हे एक दुकान आहे. तापमान वाढल्यावर शून्य पातळीच्या तुलनेत त्याचा भाव थोडा वधारतो, हे घातांकी पद सांगतं. पण बाजारच एवढा पसरतो की त्याच्या वाट्याचं गिऱ्हाईक एकूणात घटतं, हे क्यू सांगतो. मुलाने पहिली गोष्ट धरली आणि दुसरी सोडली.

आता आकडे मांडतो, कारण या प्रकरणाचा जीव त्यांच्यातच आहे. मिथेनचा परिभ्रमण स्थिरांक ५.२४ प्रति सेंटीमीटर. जे = ३ ची ऊर्जा त्याच्या तीन गुणिले चार म्हणजे बारापट, सुमारे ६३ प्रति सेंटीमीटर. खोलीच्या तापमानाची उष्णता-ऊर्जा याच एककात दोनशेच्या वर जाते, म्हणजे ही पातळी फारच खाली आहे. १० अंश म्हणजे २८३ केल्विन, ४६ अंश म्हणजे ३१९ केल्विन. घातांकी पद एकट्याने म्हणतं की रेषा ३.७ टक्क्यांनी बळकट व्हायला हवी. आता क्यू. मिथेनसारख्या, रेषीय नसलेल्या रेणूचा परिभ्रमणाचा क्यू तापमानाच्या दीडव्या घाताने वाढतो. ३१९ भागिले २८३, त्याचा दीडवा घात, १.१९७. त्यावर कंपनांचा लहानसा वाटा. मिथेनची सर्वांत खालची कंपनं १३०६ आणि १५३३ प्रति सेंटीमीटर इतकी उंच आहेत की त्यांच्यामुळे अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भर पडते. एकूण क्यू १.२० पट. म्हणजे रेषेची तीव्रता १.०३७ भागिले १.२०, सुमारे ०.८६. रेषा १४ टक्क्यांनी दुबळी होते.

दुरुस्ती नुसती अपुरी नव्हती, ती उलट्या दिशेची होती. आज्ञावली समजत होती की उन्हाळ्यात रेषा बळकट झाली आहे, म्हणून ती मोजलेलं क्षेत्रफळ १.०३७ ने भागून आणखी खाली ओढत होती. ०.८६ भागिले १.०३७ म्हणजे ०.८३. अठ्ठावन्नला ०.८३ ने गुणा: ४८. पडद्यावर दिसत होता तोच आकडा. क्यू विसरून नुसतं घातांकी पद वापरण्यापेक्षा काहीच दुरुस्ती न करणं बरं पडलं असतं, कारण मग आकडा निदान पन्नासपर्यंत तरी राहिला असता. खालच्या पातळ्यांवरून निघणाऱ्या रेषांच्या बाबतीत हा धोका कायमचा आहे. घातांकी पदाचा चढ जितका लहान, तितका क्यूचा उतार उघडा पडतो.

रेणूंच्या भाषेत हेच आणखी स्वच्छ दिसतं. जानेवारीच्या पहाटे दर हजार मिथेन रेणूंपैकी सुमारे १०१ जे = ३ वर असतात. मे महिन्याच्या दुपारी ८७. लेझरचा प्रकाश फक्त त्यांनाच विचारतो. उरलेले नऊशेच्या वर रेणू तिथेच, त्याच नळीत आहेत, पण या रेषेला ते दिसत नाहीत. सीलबंद नळीचा त्या दिवसाचा हिशेबही जुळला: ३०२ वरून ३१९ केल्विनला जाताना तीव्रता सुमारे ६.७ टक्क्यांनी घटायला हवी, आणि मुलीने पहाटे ते दुपार सहा-सात टक्केच मोजले होते. क्यू विसरून हिशेब केला असता तर दीड टक्का वाढ दिसायला हवी होती. सिद्धान्त आणि मोजमाप असं हातात हात घालून आलेलं पाहण्याचा आनंद त्या दोघांच्या चेहऱ्यावर होता, आणि मलाही तो तेवढाच झाला.

पण गोष्ट इथे संपली नाही. क्यू घालायचा ठरल्यावर मुलीने हायट्रानच्या तक्त्यातून मिथेनचा क्यू घेतला. हायट्रान ही वर्णपटरेषांची जगभर वापरली जाणारी सूची. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेत तिचं काम सुरू झालं, आता ती हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रात सांभाळली जाते. तिच्यातल्या सगळ्या तीव्रता २९६ केल्विनला दिलेल्या असतात. २९६ केल्विन म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअस, आणि आमच्या शेडमधलं तापमान १० ते ४६ अंशांत फिरतं, म्हणून ही तापमानाची दुरुस्ती विदर्भात ऐच्छिक राहतच नाही. तक्त्यात २९६ केल्विनला मिथेनचा क्यू ५९०.४८ आहे. ३१९ केल्विनचा क्यू मात्र तिने पुस्तकातल्या सूत्राने स्वतः काढला: पायचं वर्गमूळ, भागिले सममिती अंक (रेणू किती प्रकारे फिरवला तरी जसाच्या तसा दिसतो ते) १२, गुणिले उष्णता-ऊर्जा भागिले परिभ्रमण स्थिरांक, त्याचा दीडवा घात. उत्तर ४०.६. मग एकाला दुसऱ्याने भागलं आणि रेषा साडेचौदा पट बळकट झाली.

ती लगेच म्हणाली, "सर, हे शक्यच नाही." आणि कुठे फसलं ते शोधायला तीच बसली. तिने २९६ केल्विनलाही त्याच सूत्राने क्यू काढला: ३६.३. आता तक्त्यातल्या ५९०.४८ ला ३६.३ ने भागलं तर सोळाच्या थोडं वर येतं. सोळा कुठून आला? मिथेनमध्ये चार हायड्रोजन. प्रत्येकाच्या केंद्रकाच्या स्पिनच्या, म्हणजे अंगभूत गिरकीच्या, दोन दिशा. दोनाचा चौथा घात सोळा. कार्बन-१२ च्या केंद्रकाला स्पिन नाही, त्याचा वाटा एक. हायट्रानच्या क्यूमध्ये केंद्रकांच्या स्पिनच्या सगळ्या अवस्था मोजलेल्या असतात. बऱ्याच पुस्तकांतल्या सूत्रांत त्या सोडून दिलेल्या असतात. ३६.३ गुणिले १६ म्हणजे ५८१, आणि ५९०.४८ पर्यंतचा उरलेला दीड-पावणेदोन टक्के कंपनांचा आणि सूत्राच्या अंदाजीपणाचा.

दोन्ही पद्धती बरोबर आहेत, फक्त त्यांची सरमिसळ चालत नाही. तीव्रतेच्या दुरुस्तीत क्यूंचं गुणोत्तर लागतं, म्हणून दोन्ही क्यू एकाच पद्धतीचे असले की सोळा वर-खाली कटून जातो. पण एखाद्या पातळीवर एकूण रेणूंचा हिस्सा किती, हे काढायचं असेल तर अपकर्षांक आणि क्यू एकाच घरातले असायला हवेत. वर दिलेले १०१ आणि ८७ हे आकडे काढताना जे = ३ चा अपकर्षांक ७७ धरला आहे; सात दिशा गुणिले स्पिनच्या नियमांनी मिळणारे अकरा. त्याच्याखाली क्यू लागतो तो ५९० वाल्या घरातला: २८३ केल्विनला सुमारे ५५१, ३१९ केल्विनला सुमारे ६६३. सत्त्याहत्तरच्या खाली छत्तीस-चाळीस घातले तर हजारातले दीड हजार रेणू एकाच पातळीवर बसतात. तपासणी म्हणून विद्यार्थ्यांना मी नेहमी कार्बन मोनॉक्साइड देतो. त्याच्या नेहमीच्या समस्थानिकांना केंद्रकीय स्पिनच नाही, त्यामुळे हाताने काढलेला क्यू, १०७ च्या थोडा वर, आणि हायट्रानचा १०७.४२ अगदी शेजारी येतात. हायड्रोजन क्लोराइडला हाताने २० येतो आणि तक्त्यात १६०.६५, तिथे आठपट, हायड्रोजनचे दोन गुणिले क्लोरीन-३५ चे चार. हे एकदा हाताने करून पाहिलं की आयुष्यभर विसरत नाही.

रॉबर्ट गमाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक रेणूंच्या या बेरजा वेगवेगळ्या तापमानांना काढून ठेवल्या आहेत आणि हायट्रानबरोबर त्या मिळतात. आज्ञावलीत शेवटी तोच तक्ता घातला, दीडव्या घाताचं सूत्र घातलं नाही. मिथेनपुरता फरक अर्ध्या टक्क्याचा आहे, पण पुढे हेच विद्यार्थी त्याच गॅसमधला कार्बन डायऑक्साइड मोजणार आहेत, आणि तिथे अंदाजी सूत्र दगा देतं. कार्बन डायऑक्साइड रेषीय रेणू, त्याचा परिभ्रमणाचा क्यू तापमानाच्या पहिल्या घाताने वाढतो, म्हणजे याच दोन तापमानांत साधारण १३ टक्के. पण त्याचं वाकण्याचं कंपन ६६७ प्रति सेंटीमीटर इतकं खाली आहे आणि ते दुहेरी आहे, त्यामुळे कंपनांचा वाटाच आणखी तीनेक टक्क्यांनी वाढतो. मिथेनचा गुणक उचलून कार्बन डायऑक्साइडला लावणं जितकं चूक, तितकंच कंपनं विसरणंही.

दुरुस्त आज्ञावलीने मे महिन्यातलं जुनं मोजमाप पुन्हा चालवलं तेव्हा मिथेन ५६ ते ५८ च्या पट्ट्यात आला. ५८ वर स्थिर का नाही, याचं उत्तर थर्मामीटरच्या जागेत सापडलं. तो शेडच्या भिंतीवर होता आणि दुपारी टिनाच्या उष्णतेने भिंतीजवळची हवा आणि नळीतला वाहता गॅस यांच्यात दोन-तीन अंशांचा फरक पडत होता. वाहत्या गॅसमध्ये घनता, क्यू आणि घातांकी पद तिघांचा एकत्र परिणाम अंशाला सुमारे ०.७ टक्के होतो. तीन अंशांची चूक म्हणजे दोन टक्के. आता तापमापक थेट नळीच्या भिंतीला चिकटवला आहे आणि वरून थर्माकोलचं आवरण दिलं आहे. मालकांना हे समजावताना मुलगा म्हणाला, "काका, गॅस तेवढाच व्हता, आमचाच हिशोब अर्धा व्हता." ते म्हणाले, "मंग पुरा करून टाका न, बापा."

पुढच्या वर्षीच्या मुलांसमोर एक वेगळा पर्याय ठेवला आहे. क्यूचा उतार आणि घातांकी पदाचा चढ एकमेकांना तोलून धरतील अशी रेषा निवडता येते. सीलबंद नळीत हे घडतं जेव्हा खालच्या पातळीची ऊर्जा उष्णता-ऊर्जेच्या दीडपटीजवळ असते, म्हणजे ३०० केल्विनला सुमारे ३१३ प्रति सेंटीमीटर. जे = ७ ची ऊर्जा २९३ आहे; १० ते ४६ अंशांत तिची तीव्रता जेमतेम पावणेदोन टक्के हलते, जिथे जे = ३ ची १४ टक्के हलते. वाहत्या गॅसमध्ये घनतेचा उतारही भरून काढायचा असल्याने दीडपटीऐवजी अडीचपट लागते, म्हणजे ५२० च्या आसपास. जे = ९ थोडी कमी पडते, जे = १० थोडी जास्त होते; दोन्ही तीन-साडेतीन टक्क्यांच्या आत. मात्र वरच्या जे च्या रेषा एकसंध राहत नाहीत, मिथेनच्या सममितीमुळे त्या कितीतरी तुकड्यांत फुटतात आणि क्षेत्रफळ मोजायला अवघड जातात. शिवाय आमच्याकडचा लेझर तिथपर्यंत पोचत नाही. आर-३ वरून आर-७ पर्यंत जायला तरंगलांबी जवळजवळ अकरा नॅनोमीटर हलवावी लागते, आणि असा लेझर अंशाला नॅनोमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच सरकतो. त्यासाठी दुसरा लेझर घ्यावा लागेल. तोवर आर-३, नळीला चिकटवलेला तापमापक आणि क्यूचा तक्ता एवढ्यावर काम चालू आहे, आणि जूनमध्ये पाऊस पडून शेड गार झाल्यावरही मिथेन त्याच पट्ट्यात राहतो का, हे मुलगी रोज लिहून ठेवते आहे.